बाबांच्या रक्तातला रिजेक्ट माल

रात्रीचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. अंधेरीतल्या आमच्या फ्लॅटवर मी मान्सून स्किनकेअरच्या स्टोरीशी मारामारी करत बसले होते. डेडलाइन सकाळची, कॉफी तिसरी. तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर टुणकन आवाज आला. बघते तर लॅबकडून पीडीएफ. बाबांचा हेल्थ चेकअप रिपोर्ट.

हा चेकअप म्हणजे मी बाबांना दिलेलं सहासष्टाव्या वाढदिवसाचं गिफ्ट. ऑनलाइन डिस्काउंट होता, म्हटलं शर्ट देण्यापेक्षा हे बरं. बुकिंग माझ्या नंबरवरून केलं होतं, म्हणून रिपोर्ट माझ्याकडे आला. कोलेस्टेरॉल ठीक. शुगर बॉर्डरला (आई, तो रात्रीचा श्रीखंडाचा डबा!). मग सीबीसी. पांढऱ्या पेशी २४,३००, त्यात लिम्फोसाइट्स ७८ टक्के. दोन्ही आकडे लाल आणि ठळक. आणि खाली एक ओळ : काही पेशींमध्ये काडीसारखे आकार दिसतात, ऑअर रॉड्स? रक्तविकारतज्ज्ञांना दाखवावे.

बस्स. ना फोन, ना नाव, ना 'घाबरू नका'. एका प्रश्नचिन्हावर त्या लॅबनं आम्हाला रात्री अकरा वाजता सोडून दिलं होतं.

आता आपण सगळे जे करतो तेच मी केलं. गूगल. ऑअर रॉड्स टाइप केलं आणि पहिल्याच पानावर दोन शब्द आले : अ‍ॅक्यूट ल्युकेमिया. तातडीचा ब्लड कॅन्सर. स्किनकेअर गेलं खड्ड्यात. संपादकांना मेसेज टाकला, सॅक भरली आणि पहाटेची नाशिकची बस पकडली. कसारा घाटात धुकं होतं. शेजारचे काका घोरत होते. मी मोबाइलवर एकच पीडीएफ पन्नास वेळा झूम करून बघत होते, जणू काही झूम केल्यावर तो आकडा कमी होणार होता.

घरी पोचले तर बाबा झाडांना पाणी घालत होते. मला बघून म्हणाले, "अगं, आज मंगळवार. नोकरी गेली का काय?" मी फ्रीलान्सर आहे, त्यामुळे हा जोक बाबा दर भेटीत मारतात. एरवी मी चिडते. त्या दिवशी चक्क हसले, आणि तिथंच त्यांना कळलं की काहीतरी गडबड आहे.

माझे बाबा सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते. क्यूसी. हातात गेज, खिशाला दोन पेनं. पास झालेला माल पुढे, नापास झालेल्याला लाल टॅग. घरातही तेच. माझं दहावीचं मार्कशीट त्यांनी उजेडात धरून तपासलं होतं. रिपोर्ट त्यांनी शांतपणे वाचला आणि कपाटातून त्यांची फाइल काढली. (बाबांकडे प्रत्येक गोष्टीची फाइल असते. माझ्या पहिल्या सायकलच्या पावतीचीसुद्धा.) त्यात दोन वर्षांपूर्वीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीचा सीबीसी होता. पांढऱ्या पेशी १४,०००, लिम्फोसाइट्स ६० टक्के. तेव्हाही ठळक छापलेलं. डोळ्याचं ऑपरेशन छान झालं, डिस्चार्ज मिळाला, आणि त्या ठळक आकड्याकडे कुणीच बघितलं नाही. हॉस्पिटलनं नाही, आम्हीही नाही.

"म्हणजे दोन वर्षं माल असाच पुढे गेला," बाबा म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही रक्तविकारतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. पन्नाशीच्या बाई, टेबलावर मायक्रोस्कोप. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि बाबांच्या बोटातून थेंबभर रक्त घेऊन स्वतः स्लाइड बनवली. रंग देऊन ती वाळेपर्यंत बाबांच्या मानेच्या आणि काखेच्या गाठी, पोटात प्लीहा असं सगळं चाचपून झालं. मग मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मंडळी, ती तीन-चार मिनिटं मी कुणालाही विश करणार नाही.

मग त्या म्हणाल्या, "काका, या. तुम्ही पण बघा. आणि तू पण ये गं, तू जास्त घाबरली आहेस."

मी बघितलं. जांभळट गोल ठिपकेच ठिपके. मोठा केंद्रक आणि त्याच्याभोवती निळसर रंगाची बारीक कड. काही पेशी पुसल्यासारख्या पसरलेल्या. डॉक्टर म्हणाल्या, या फुटलेल्या पेशी म्हणजे स्मज सेल्स. पेशी इतक्या नाजूक की स्लाइड ओढतानाच फुटतात. हे चित्र क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाचं असतं. सीएलएल. हळू चालणारा, बहुतेक वेळा वय झाल्यावर येणारा. पाश्चात्त्य देशांत मोठ्यांमधला सगळ्यात कॉमन ल्युकेमिया हाच, आपल्याकडे त्या मानानं कमी.

"आणि त्या काड्या?" मी.

त्यांनी स्लाइड थोडी सरकवली. एका पेशीत खरंच तीन-चार काड्या होत्या. पण रंगच न घेतलेल्या, काचेच्या सुयांसारख्या. शेजारच्या पेशीत काडीऐवजी गोल, रिकामे वाटणारे बुडबुडे.

आता ऑअर रॉड्सबद्दल. जॉन ऑअर या अमेरिकी डॉक्टरनं १९०६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. त्या काड्या लालसर-जांभळ्या दिसतात आणि मायलॉइड जातीच्या कच्च्या पेशीत असतात. पेशीतले एन्झाइमचे दाणे एकमेकांना चिकटून त्या तयार होतात. त्या दिसल्या तर डॉक्टर खरंच धावपळ करतात. पण बाबांच्या पेशी वेगळ्या घराण्यातल्या होत्या, लिम्फोसाइट्स, आणि त्याही पिकलेल्या. त्यांच्यातली काडी बहुधा अँटीबॉडीची होती. स्वतःच बनवलेली आणि बाहेर न गेलेली अँटीबॉडी. एकच आकार, पण अर्थ जमीन-अस्मानाचे. गूगलला मी 'काडी' विचारली होती. ती कुठल्या पेशीत आहे, हे मी विचारलंच नव्हतं.

खात्रीसाठी फ्लो सायटोमेट्री करायचं ठरलं. यात पेशींवर चमकणाऱ्या रंगांच्या खुणा चिकटवतात आणि लेसरच्या उजेडात एकेक पेशी मोजतात. चार दिवसांनी रिपोर्ट आला. सीडी५, सीडी१९, सीडी२३ हजर, म्हणजे सीएलएल. आणि सगळ्या पेशींत अँटीबॉडीची एकाच प्रकारची हलकी साखळी : लॅम्डा.

ही साखळी काय भानगड आहे? थोडं सायन्स. घाबरू नका, मीही बारावीला बायोलॉजीत काठावर पास आहे.

अँटीबॉडी म्हणजे इंग्रजी 'वाय'च्या आकाराचं प्रथिन. दोन जड साखळ्या, दोन हलक्या. जेराल्ड एडेलमन आणि रॉडनी पोर्टर यांना ही रचना शोधल्याबद्दल १९७२ चं नोबेल मिळालं. हलकी साखळी दोन जातींची, कॅपा किंवा लॅम्डा. एक बी-पेशी त्यातली एकच वापरते. निरोगी माणसाच्या रक्तात कॅपावाल्या आणि लॅम्डावाल्या अशा दोन्ही पेशी मिसळलेल्या असतात. सगळ्या जर एकाच जातीच्या निघाल्या, तर त्या एकाच पेशीच्या कॉप्या आहेत. बाबांच्या शरीरात कधीतरी एक पेशी थांबायचं विसरली होती आणि ही सगळी तिची प्रजा.

या साखळ्या बनतात पेशीच्या आत, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम नावाच्या जाळीदार खोलीत. तिथं त्यांच्या नीट घड्या पडाव्या लागतात, जोड्या जुळाव्या लागतात. आणि तिथं चेकिंग असतं. बीआयपी नावाचं एक प्रथिन अर्धवट जुळलेली जड साखळी धरून ठेवतं, बाहेर जाऊ देत नाही. जी सुधारतच नाही, ती खोलीबाहेर काढून प्रोटिएझोम नावाच्या यंत्रात तुकडे करायला पाठवतात.

डॉक्टर कागदावर चित्र काढून हे समजावत होत्या. माझी पाटी कोरी. बाबांचे डोळे मात्र चमकायला लागले.

"थांबा मॅडम. म्हणजे हे क्यूसी झालं. माल बनला, पण गेजमध्ये बसत नाही. म्हणून गेट पास नाही. बरोबर? मग लाल टॅग लावून स्क्रॅप यार्डात. आता समजा भंगारवालाही उचलायला आला नाही. आणि मशीन तर चालूच आहे, थांबवायला कुणी नाही. मग माल जाणार कुठं? शॉप फ्लोअरवरच थप्पी लागणार!"

डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, "काका, हे मी आता माझ्या स्टुडंट्सना असंच शिकवीन."

बाबा इतके खूश मी त्यांच्या रिटायरमेंटच्या सत्कारातही पाहिले नव्हते.

घरी येऊन मी वाचत बसले (यावेळी नीट, पेशंटसाठीच्या भीतिदायक पानांवर नाही). बाबांची थिअरी सायन्सनंही जवळपास त्याच शब्दांत मांडलेली निघाली. १९९१ मध्ये इटलीतल्या रोबेर्तो सीतिया यांच्या गटानं पेशींना एक बिघडलेली जड साखळी बनवायला लावली. ती खोलीबाहेर जाऊही शकेना आणि तिचे तुकडेही होईनात. मग पेशीत तसेच गोळे साठले. या गोळ्यांना रसेल बॉडीज म्हणतात.

आणि हे रसेल साहेब! विल्यम रसेल, एडिनबरोचे पॅथॉलॉजिस्ट. १८९० मध्ये त्यांना कॅन्सरच्या गाठींत फुक्सिन रंगानं लालभडक होणारे गोळे दिसले आणि त्यांनी जाहीर केलं की कॅन्सरचं जंतू सापडलं, हे बुरशीसारखं काहीतरी आहे. साफ चुकीचं. तो बाहेरून आलेला शत्रू नव्हता, आपल्याच पेशीत अडकलेली अँटीबॉडी होती. पण नाव मात्र टिकलं. मला हे वाचून फार बरं वाटलं. मायक्रोस्कोपमध्ये अनोळखी आकार बघून घाबरणारी आणि भलताच निष्कर्ष काढणारी मी पहिली नाही. माझ्या आधी सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी एक मोठा डॉक्टर होता.

असे गोळे आणि काड्या जास्त करून मायलोमासारख्या प्लाझ्मा सेलच्या आजारांत दिसतात, कारण अँटीबॉडी बाहेर ओतणं हे प्लाझ्मा सेलचं कामच. सीएलएलच्या पेशी त्यामानानं आळशी. त्या फार अँटीबॉडी बनवत नाहीत, म्हणून त्यांच्यात अशी थप्पी लागणं दुर्मिळ. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तुझा बाप स्पेशल पीस आहे."

मग मी तो प्रश्न विचारला, जो बसमध्ये बसल्यापासून घशात अडकला होता. या काड्यांमुळे आजार वाईट होतो का?

डॉक्टरांचं उत्तर सरळ होतं. उपचार कधी सुरू करायचे हे काड्यांवर ठरत नाही. हिमोग्लोबिन, प्लेटलेट्स, गाठी, प्लीहा, वजन, ताप, रात्रीचा घाम आणि आकडा किती वेगानं वाढतोय यावर ठरतं. त्यासाठी पायऱ्या आहेत. त्या १९७५ मध्ये कांती राय यांनी आखल्या, भारतात जन्मलेले आणि अमेरिकेत काम केलेले डॉक्टर. जगभर आजही त्यांच्याच नावानं ओळखल्या जातात. नुसत्या लिम्फोसाइट्स वाढलेल्या असतील तर शून्यावी पायरी. बाबांचं हिमोग्लोबिन १३.४, प्लेटलेट्स दोन लाखांच्या वर, गाठी नाहीत. शून्य.

आणि बाबांची ती जुनी फाइल इथं कामाला आली. दोन वर्षांपूर्वी लिम्फोसाइट्स होत्या ८,४००, आता जवळपास १९,०००. म्हणजे दुप्पट व्हायला दीड वर्षाहून जास्त लागलं. सहा महिन्यांच्या आत दुप्पट झाल्या असत्या तर काळजी. ही चाल संथ होती.

"मग औषध कोणतं?" आईनं विचारलं.

"आत्ता काहीच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "वॉच अँड वेट. दर तीन महिन्यांनी या."

मंडळी, खरा धक्का मला इथं बसला. घरात कॅन्सर हा शब्द आलाय आणि करायचं काय, तर काही नाही? आपल्या पिढीला हे जमतच नाही. आपल्याला अ‍ॅक्शन पॉइंट्स लागतात, फॉलोअप मेल लागतो. मी तर वाद घालायलाच बसले. लवकर पकडलाय ना, मग लवकर मारून टाका की!

डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की हे लोकांनी करून बघितलंय. फ्रान्समध्ये सुरुवातीच्या पायरीवरच्या पेशंट्सपैकी काहींना लगेच क्लोरॅम्ब्युसिल दिलं, काहींना नुसतं लक्ष ठेवून थांबवलं. १९९८ मध्ये निकाल छापून आला. लवकर औषध घेतलेले जास्त जगले नाहीत. काही पेशंट्सना तर आयुष्यात कधीच उपचार लागत नाहीत. शिवाय थांबण्यात एक फायदा आहे, दरम्यान औषधं सुधारतात. २०१४ मध्ये अमेरिकेत सीएलएलसाठी इब्रुटिनिबला मंजुरी मिळाली, २०१६ मध्ये व्हेनेटोक्लॅक्सला. दोन्ही गोळ्या.

इब्रुटिनिबची गंमत ऐका. बी-पेशीच्या पृष्ठभागावरची अँटीबॉडी ही तिची अँटेना असते. तिच्यातून 'जग, वाढ' असा सिग्नल आत जातो. त्या वायरमधलं एक प्रथिन म्हणजे बीटीके. त्यातला 'बी' म्हणजे ब्रुटन. ऑग्डेन ब्रुटन या डॉक्टरनं १९५२ मध्ये एका लहान मुलाचं वर्णन केलं, ज्याच्या रक्तात अँटीबॉडीच नव्हत्या. पुढे १९९३ मध्ये कळलं की अशा मुलांत हेच प्रथिन बिघडलेलं असतं आणि त्यामुळे बी-पेशी तयारच होत नाहीत. मग कुणीतरी उलटा विचार केला. ज्यांच्या बी-पेशी थांबतच नाहीत, त्यांची हीच वायर बंद केली तर? एकाचं नसणं दुसऱ्याचं औषध झालं.

निघताना डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, सीएलएलमध्ये कामाच्या अँटीबॉडीज कमी पडतात, कारण चांगल्या पेशींची गळचेपी होते. त्यामुळे फ्लू, न्यूमोनिया, नागीण यांच्या लशी त्यांना विचारून घ्यायच्या, पण जिवंत जंतूंची लस अजिबात नाही. ताप आला तर 'बघू उद्या' नाही. दोन, मी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. "तुला विचारायचं असेल तर सांगते. जवळच्या नातेवाइकांत धोका जास्त असतो, पण तो आकडा एकूण लहानच आहे. तब्येत चांगली असताना टेस्ट करत सुटायची गरज नाही." मी हो म्हटलं. रिक्षात बसल्यावर जरा रडले. बाबा खिडकीबाहेर बघायचं नाटक करत राहिले.

या गोष्टीला आता चौदा महिने झाले. बाबांनी ग्राफ पेपर आणलाय. दर तीन महिन्यांनी त्यावर पेन्सिलीनं एक ठिपका. परवाचा ठिपका २१,८०० चा. रेघ चढतेय, पण सावकाश, कसाऱ्याला चढणाऱ्या मालगाडीसारखी. रविवारी मिसळ चालू आहे, तर्री कमी करून. आईचा श्रीखंडाचा डबा मात्र खरोखर बंद झाला. (सगळ्यात मोठा साइड इफेक्ट, इति बाबा.)

आणि मी? माझ्यात एक फरक पडलाय. तीन महिन्यांतले दोन महिने मी विसरलेली असते. तिसऱ्या महिन्यात रात्री अकरानंतर फोन वाजला की पोटात गोळा येतो. हे जाणार नाही असं दिसतंय. एकदा बाबांना विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटत? म्हणाले, "वाटते ना. पण रोज गेज लावून काय करू? तीन महिन्यांनी इन्स्पेक्शन आहेच. मधले दिवस प्रॉडक्शनचे."

तर दोस्तहो, या आठवड्याचा होमवर्क. आईबाबांचे जुने रिपोर्ट्स काढा, एका फाइलमध्ये तारखेनुसार लावा. ठळक छापलेला आकडा दिसला तर 'ऑपरेशन तर छान झालं ना' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना विचारा. पांढऱ्या पेशी सतत वाढलेल्या दिसल्या तर मशीनच्या आकड्यावर थांबू नका, पेरिफेरल स्मिअर करून माणसाच्या डोळ्यानं स्लाइड बघितली जाऊ दे. आणि रिपोर्टमधला एकच शब्द उचलून रात्री अकरा वाजता गूगल करू नका.

हे शेवटचं मला स्वतःलाच अजून जमलेलं नाही. पुढचा ठिपका ऑगस्टमध्ये आहे. बुकिंग यावेळी बाबांच्या नंबरवर केलंय.